पैलतीर आणि त्याचं भाडं

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून समोरच्या बेटावर जायचं, तर धक्क्याची वाट पाहून चालत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसं तिथं पाण्यात उतरूनच होडीत चढत आली आहेत. चपला हातात, पिशवी खांद्यावर, गुडघाभर पाणी. लाट आली की कमरेपर्यंत. होडीजवळ पोचलं की काठावरचा खलाशी वाकतो, आपलं मनगट धरतो आणि एका हिसक्यात वर ओढून घेतो. पुढचा प्रवास जेमतेम पाच-दहा मिनिटांचा. पण त्या हिसक्याच्या क्षणी आपला सगळा भार दुसऱ्याच्या हातावर असतो.

मी वसईत जितक्या वेळा त्या होडीत चढलो, तितक्या वेळा एकच प्रश्न मनात आला. मागे शत्रू आहे, गाव जळतंय, कडेवर मूल आहे आणि समोर फक्त पाणी आहे, अशा वेळी पुढे येणारा हात कुणाचा असतो? लढाईतून पळालेली माणसं समुद्रापलीकडे गेली, हे इतिहासात जागोजागी लिहिलेलं आहे. त्यांना कुणी नेलं, कोणत्या होडीतून नेलं, काय घेऊन नेलं आणि नेणाऱ्याचं पुढे काय झालं, याबद्दल मात्र फार थोडं सांगितलं जातं. या लेखात तोच आढावा घ्यायचा आहे. सुरुवात वसईपासून करतो, कारण हा किनारा या प्रश्नाच्या सगळ्या बाजू पाहून चुकला आहे.

मे १७३९

वसईचा किल्ला आपल्याला तो जिंकणाऱ्या, पेशवे घराण्यातल्या चिमाजी अप्पांमुळे ठाऊक आहे. १५३४मध्ये गुजरातच्या बहादुरशहाकडून पोर्तुगीजांना वसई मिळाली आणि पुढची दोनशे पाच वर्षं त्यांची सत्ता इथं टिकली. १७३७मध्ये मराठ्यांनी साष्टी आणि ठाणं घेतलं, अर्नाळा घेतला. १७३९च्या सुरुवातीला उत्तरेकडची ठाणी एकामागून एक पडली आणि फेब्रुवारीत वसईलाच वेढा बसला. समुद्राकडून मानाजी आंग्र्यांच्या आरमाराचा पहारा होता. तटाखाली सुरुंग लावले गेले, उत्तरेकडच्या सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं. इतिहासकार ग्रँट डफच्या हिशेबानं मराठ्यांकडचे सुमारे पाच हजार लोक मेले किंवा जखमी झाले, पोर्तुगीजांकडचे आठशे. मेच्या मध्याला किल्ल्यावर पांढरं निशाण चढलं आणि १६ मेला करार झाला.

त्या कराराकडे या लेखाच्या नजरेतून पाहिलं पाहिजे. आत अडकलेल्यांना निघून जायला आठ दिवसांची मुदत मिळाली. शिबंदीला हत्यारांसह जाता येणार होतं, कुटुंबांना हलवता येईल तेवढं सामान नेता येणार होतं आणि जे मागे राहतील त्यांच्या धर्माला हात लावायचा नाही, असं ठरलं. जिंकलेल्यानं हरलेल्याला वाट मोकळी करून देणं ही आपल्या इतिहासातली अभिमानानं सांगावी अशी गोष्ट आहे. आणि ती वाट पाण्यातून जात होती. साष्टी मराठ्यांकडे असल्यामुळे जमिनीवरून मुंबई गाठण्याचा मार्ग पोर्तुगीजांना उरलाच नव्हता.

महिना कोणता होता, हेही विसरून चालणार नाही. मेचा शेवटचा आठवडा. आपल्याकडच्या कुठल्याही कोळीवाड्यात विचारा, हा नांगर उचलायचा काळ नव्हे, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायचा काळ आहे. वारा नैर्ऋत्येला वळलेला असतो, खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर लाटा फुटायला लागतात. वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचं मुख. ओहोटीला तिथलं पाणी इतक्या जोरानं बाहेर ओढतं की नवख्या माणसानं नाव घातली तर ती वाळूवर बसलीच समजा. अशा दिवसांत, आठ दिवसांत, बायका-मुलं, जखमी आणि म्हातारे यांच्यासह हजारो माणसं दर्या दरवाज्याबाहेर आणून नावांत बसवायची होती. २३ मेला किल्ला मराठ्यांच्या हाती आला, तेव्हा हे काम झालेलं होतं.

नावांची सोय आणि आसरा मुंबईच्या इंग्रजांनी दिला. याच इंग्रजांनी वेढा चालू असताना मदतीचा हात मात्र आखडता घेतला होता. पैशाची निकड असलेल्या वसईकरांना त्यांनी पंधरा हजार रुपये दिले, तेही चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून. हरल्यावर आलेल्यांना मात्र त्यांनी पावसाळाभर मुंबईत ठेवून घेतलं आणि त्यांच्या पोटापाण्यासाठी रक्कम पुरवली. पाऊस संपल्यावर शिबंदी चौलला नेण्यात आली. तिथून पायी गोव्याकडे जाताना सावंतवाडीकरांच्या फौजेनं तिला गाठलं आणि सुमारे दोनशे माणसं वाटेतच पडली. समुद्र पार केला म्हणजे सुटका झाली असं नसतं, हा धडा वसईनं तेव्हाच पाहिला.

आणि मागे राहिले ते? इथले ख्रिस्ती शेतकरी, कोळी, भंडारी, माळी. त्यांना गोवाही माहीत नव्हता आणि पोर्तुगालही. त्यांचं पैलतीर हेच होतं. कराराचा शब्द पाळला गेला म्हणून त्यांची वस्ती टिकली, वाडवळी आणि कादोडी या त्यांच्या बोली टिकल्या, आजची वसई उभी राहिली. सुटकेचा इतिहास लिहिताना निघालेल्यांबरोबर राहू शकलेल्यांचीही नोंद करावी लागते, ती याचसाठी.

आधीही, नंतरही

वसईचं १७३९ हे या किनाऱ्यावरचं एकटं प्रकरण नाही. पारशी परंपरा सांगते की इराणातली सत्ता बदलल्यावर धर्म वाचवण्यासाठी निघालेले त्यांचे पूर्वज आधी दीवला आणि तिथून संजाणला आले. वाटेत वादळानं गाठलं, तेव्हा सुखरूप पोचलो तर पवित्र अग्नी स्थापन करू, असा नवस त्यांनी बोलला. ही हकिगत सांगणारं ‘किस्सा-ए-संजाण’ हे काव्य १६००च्या सुमारास लिहिलं गेलं. संजाणच्या जादी राणानं त्यांना जागा दिली ती अटी घालून: इथली भाषा बोला, बायकांनी इथला वेश घ्यावा, हत्यारं खाली ठेवा. पुढे संजाणवर हल्ला झाला, तेव्हा तोच अग्नी घेऊन पारशी बाहरोटच्या डोंगरातल्या लेण्यांत बारा वर्षं राहिले. ती लेणी आज आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या उत्तरेला आहेत.

अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायल समाजाची अशीच आठवण आहे. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, आणि त्यांच्या वंशजांना कोकणानं ‘शनवार तेली’ म्हणून ओळखलं. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत. कोकणानं त्यांचा शनिवार सांभाळला.

गोव्याकडे पाहिलं तर तिथं माणसांबरोबर देवही नावेत बसले. १५६०मध्ये, पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केल्यावर, कुशस्थळीच्या मंगेशाचं लिंग अघनाशिनी म्हणजे आजची जुवारी ओलांडून प्रियोळला नेलं गेलं. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. मंगेशीच्या आवारातल्या दीपमाळेकडे पाहताना, देव पोटाशी धरून नदी ओलांडणाऱ्या त्या नावेतल्या नावाड्याचं स्मरण मला प्रत्येक वेळी होतं.

आणि १८०२मध्ये तर खुद्द पेशवाच समुद्रमार्गे वसईला आला. २५ ऑक्टोबरला हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव सिंहगड, रायगड, महाड असे पळत सुवर्णदुर्गाजवळ हर्णैला पोचले आणि इंग्रजांच्या आसऱ्यानं पाण्यातून वसईला. ३१ डिसेंबर १८०२ला तिथंच वसईचा तह झाला. इंग्रजांची सहा पलटणी फौज कायमची पदरी बांधून घ्यायची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि परराज्यांशी व्यवहार इंग्रजांना विचारून करायचा. चिमाजी अप्पांनी जिथं हरलेल्यांना मोकळी वाट दिली, त्याच किल्ल्यात त्रेसष्ट वर्षांनी त्यांच्या घराण्यातल्या माणसानं आसऱ्याचं भाडं म्हणून मराठी राज्याचं स्वातंत्र्य मोजलं. नेणाऱ्याचा हेतू काय आहे, यावर पैलतीराची किंमत ठरते, हे याहून स्पष्ट कुठं दिसणार?

लहान होडीच का

आता थोडं दूर जाऊ. विसाव्या शतकात युद्धातल्या सुटकेचं काम मासेमारीच्या होड्यांनी किती मोठ्या प्रमाणावर केलं, हे युरोपच्या उत्तरेकडच्या समुद्रात दिसतं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या डेन्मार्कमध्ये त्यांनी १९४३च्या १ ऑक्टोबरच्या रात्री ज्यूंची धरपकड करायचं ठरवलं होतं. जर्मन वकिलातीतल्या गेऑर्ग डुकविट्झ या अधिकाऱ्यानं बातमी आधीच बाहेर पोचवली. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे ७ हजार २०० ज्यू आणि त्यांचे सातशेच्या आसपास बिगरज्यू नातेवाईक ओरेसुंडची सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला पोचले. सर्वांत अरुंद जागी हे अंतर चार-पाच किलोमीटरच आहे, म्हणजे वसईच्या किल्ल्यापासून खाडीपलीकडे उत्तनच्या बाजूला जाण्याइतकं. पण वर जर्मन गस्तीची बोट फिरत असते, तेव्हा चार किलोमीटरही संपता संपत नाहीत. माणसं माशांच्या खणात झोपवली, वर जाळी आणि मासळीच्या पेट्या रचल्या. लहान मुलं रडू नयेत म्हणून त्यांना गुंगीचं औषध दिलं. तपासणीच्या कुत्र्यांचं नाक निकामी करण्यासाठी सुकवलेलं रक्त आणि कोकेन मिसळलेली पूड खलाशांच्या रुमालात असे.

नॉर्वेचं अंतर याहून फार मोठं आणि समुद्र फार कडक. तिथले कोळी आणि दर्यावर्दी १९४१पासून स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवरून आपल्या जर्मनव्याप्त किनाऱ्याकडे ये-जा करू लागले. नेताना हेर आणि हत्यारं, आणताना पळालेली माणसं. होड्या साध्या मासेमारीच्या, पन्नास-साठ फुटी लाकडी. तेलाच्या पिंपांत दडवलेल्या मशीनगन एवढंच संरक्षण. फेऱ्या करायच्या त्या हिवाळ्यातच, कारण उन्हाळ्यात तिथं रात्री नीट अंधार होतच नाही आणि अंधाराशिवाय आडोसा नाही. म्हणजे सर्वांत वाईट समुद्र हाच त्यांचा सर्वांत सुरक्षित समुद्र. लाइफ लार्सन हा त्यांच्यातला नावाजलेला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. या मार्गानं साडेतीनशेहून अधिक निर्वासित बाहेर आले आणि ४४ नावाडी परतले नाहीत. पहिल्या दोन हिवाळ्यांत होड्या इतक्या बुडाल्या की १९४३च्या अखेरीस अमेरिकेनं दिलेल्या तीन वेगवान युद्धनौकांवर काम सोपवावं लागलं.

लहान होडीच का, याचं उत्तर यातच आहे. तिला बंदर लागत नाही. कमरेएवढ्या पाण्यातून, खडकांच्या फटीतून ती आत शिरते. शेकडो होड्यांत ती एक असते, म्हणून संशय येत नाही. तिला वेळेवर निघायला परवाना लागत नाही, भरती लागते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तिच्यावर अशी माणसं असतात ज्यांना तो समुद्र पाठ असतो. अर्नाळ्याचा किंवा वसईच्या पाचूबंदरचा डोल जाळं लावणारा तांडेल पाहा. उधाणाच्या भरतीला पाणी कुठून ओढतं, भांगाच्या भरतीला कुठं साचतं, कोणत्या दिशेचा ढग अर्ध्या तासात अंगावर येईल, हे त्याला नकाशाशिवाय कळतं. ज्ञान तेच, एरवी बोंबलासाठी वापरायचं, युद्धात माणसांसाठी.

भाड्याचा हिशेब

आता प्रश्नाच्या सर्वांत अवघड भागाकडे येतो. पळणाऱ्यांना नेण्याचे पैसे घ्यावेत का?

डेन्मार्कच्या कहाणीत हा भाग बहुतेक वेळा गाळला जातो. तिथल्या मच्छीमारांनी पैसे घेतले. माणशी सरासरी हजार क्रोनर, म्हणजे कुशल कामगाराची दोन महिन्यांहून जास्त मजुरी. सुरुवातीच्या घबराटीच्या दिवसांत काहींनी याच्या कितीतरी पट घेतले. हे वाचून मन खट्टू होतं. पण पुढचं वाचलं पाहिजे. होडी पकडली गेली तर ती जप्त आणि तांडेल तुरुंगात, हे उघड होतं. होडी हेच ज्याचं शेत आणि घर, त्यानं ती पणाला लावली होती. आठवडाभरात मदतीच्या गटांनी वर्गणी जमवली, दर खाली आणले आणि ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांचं भाडं भरलं. फक्त पैसे नव्हते म्हणून कुणाला मागे ठेवायचं नाही, ही काळजी त्या गटांनी घेतली.

घराजवळ याचं उदाहरण पाल्कच्या सामुद्रधुनीत आहे. श्रीलंकेत जुलै १९८३च्या दंगलींनंतर तमिळ कुटुंबं मन्नारच्या बाजूनं मासेमारीच्या होड्यांतून रामेश्वर-धनुष्कोडीकडे येऊ लागली. अंतर जेमतेम तीस किलोमीटर. तिथलं यादवी युद्ध संपेपर्यंतच्या पाव शतकात तीन लाखांहून अधिक लोक भारतात आले. पहिली नोंद आणि पहिलं जेवण मंडपमच्या छावणीत. होडीवाले पैसे घेत. गस्तीला सापडू नये म्हणून अनेकदा ते माणसांना रामसेतूच्या वाळूच्या बेटांवर उतरवून अंधारातच परतत. मग तटरक्षक दल किंवा रामेश्वरचे मच्छीमार येईपर्यंत उघड्या वाळूवर, पाण्याच्या थेंबाशिवाय, दिवस काढायचा. मार्च २०२२मध्ये श्रीलंकेची अर्थव्यवस्था कोसळली, तेव्हा तोच मार्ग आणि त्याच वाळूच्या बेटांवर अडकलेली लहान मुलं पुन्हा दिसली.

मग नेणारा उपकारकर्ता की चोरटा धंदेवाला? दोन्ही टोकांची उत्तरं मला अपुरी वाटतात. भाडं घेणं हा गुन्हा ठरवला, तर डेन्मार्कच्या सात हजारांना स्वीडनला पोचवणारे बहुतेक हात आरोपी ठरतील. आणि सगळ्यांनाच संत ठरवलं, तर माणसं वाळूवर टाकून जाणाऱ्यालाही तोच मान द्यावा लागेल. माझ्या मते कसोटी एकच आहे आणि ती कोळीवाड्यातली आहे: होडीत घेतलेल्या माणसाला किनारा दाखवेपर्यंत तांडेल त्याच्या जिवाचा धनी असतो. पैसे घेतले की नाही, हा दुसरा प्रश्न. मध्येच सोडलं की नाही, हा पहिला.

किनाऱ्यावरच्यांनी मोजलेली किंमत

नावाडी एकटा पकडला जात नाही, त्याचं गाव पकडलं जातं. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं तेलवोग हे लहानसं मासेमारी गाव पळणाऱ्यांच्या वाटेवर होतं. एप्रिल १९४२मध्ये तिथं लपलेल्या दोन हेरांना पकडताना दोन जर्मन अधिकारी मारले गेले. चार दिवसांनी सगळं गाव जमीनदोस्त करण्यात आलं. घरं जाळली, होड्या बुडवल्या किंवा नेल्या, गुरं हाकून नेली. ७२ पुरुष जर्मनीतल्या साक्सेनहाउसेन छळछावणीत पाठवले. त्यांतले ३१ परतलेच नाहीत. बायका आणि मुलं कैदेत गेली. एका गावानं आपल्या वाटेनं माणसं जाऊ दिली, त्याचं हे भाडं.

शांततेच्या काळातही ही किंमत चुकत नाही. ऑगस्ट २००७मध्ये सात ट्युनिशियन मच्छीमारांना भूमध्य समुद्रात रबरी बोटीतले ४४ लोक बुडताना दिसले. त्यांनी सगळ्यांना आपल्या दोन होड्यांवर घेऊन इटलीचं लाम्पेदूसा बेट गाठलं. तिथं त्यांनाच माणसांची चोरटी वाहतूक केल्याच्या आरोपाखाली अटक झाली. दोन तांडेलांची पूर्ण निर्दोष सुटका व्हायला २०११ उजाडलं. तोवर जप्त होड्या पडून राहून निकामी झाल्या होत्या. बुडणाऱ्याला हात द्यावा की नाही, हा विचार त्यानंतर त्या समुद्रातल्या किती खलाशांच्या मनात आला असेल!

याच्या उलट उदाहरण इंडोनेशियाच्या आचे प्रांतातलं. तिथं ‘पांगलिमा लाओत’ ही मच्छीमारांची शतकानुशतकं चालत आलेली परंपरागत संस्था आहे. मासेमारीचे वाद सोडवणं, समुद्राचे नियम सांगणं हे तिचं काम, आणि समुद्रात संकटात सापडलेल्याला मदत करणं हे तिच्या नियमांतलं कर्तव्य. मे २०१५मध्ये म्यानमारमधून पळालेल्या रोहिंग्यांच्या बोटी अंदमान समुद्रात आठवडेच्या आठवडे भरकटत होत्या आणि कुठलंही सरकार त्यांना उतरू देत नव्हतं. तेव्हा आचेच्या मच्छीमारांनी शेकडो माणसं आपल्या होड्यांवर घेऊन किनाऱ्याला आणली. सरकारी हुकूम काय आहे यापेक्षा बापजाद्यांचा समुद्राचा नियम काय आहे, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं.

कायदा काय म्हणतो

कागदावरचा कायदा या नियमाच्या जवळ आहे. १९८२च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचं ९८वं कलम सांगतं की स्वतःचं जहाज, खलाशी आणि प्रवासी यांना गंभीर धोका न पोचवता शक्य असेल, तर समुद्रात जिवाच्या संकटात सापडलेल्या कुणालाही कप्तानानं मदत केली पाहिजे. तो माणूस कोण, कुठल्या देशाचा, कागदपत्रं आहेत का, हे विचारण्याची मुभा त्यात नाही. भारतानं हा करार १९९५मध्ये स्वीकारला.

अडचण पुढे सुरू होते. वाचवलेल्याला उतरवायचं कुठं? निर्वासितांबद्दलचा १९५१चा जागतिक करार आणि त्याचा १९६७चा पूरक करार, या दोन्हींवर भारताची सही नाही. त्यामुळे आसरा देणं हे आपल्याकडे त्या-त्या वेळच्या सरकारच्या निर्णयावर राहतं. चोरट्या मार्गानं माणसं नेण्याविरुद्धचा २०००चा आंतरराष्ट्रीय करार मात्र एक मोलाचा फरक करतो: त्याच्या व्याख्येप्रमाणे आर्थिक किंवा भौतिक फायद्यासाठी केलेली वाहतूक गुन्हा ठरते. माणुसकीपोटी हात देणारा त्या व्याख्येत बसत नाही. हा फरक प्रत्येक सागरी पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याला आणि प्रत्येक मच्छीमार सोसायटीला तोंडपाठ असायला हवा.

वसईचा आजचा तांडेल

आता परत घरी येऊ. आपल्या किनाऱ्यावर अनोळखी माणसाकडे पाहण्याची नजर २६ नोव्हेंबर २००८नंतर बदलली. मुंबईवर हल्ला करायला अतिरेकी आले ते ‘कुबेर’ या गुजरातच्या मासेमारी ट्रॉलरवरून. त्या हल्ल्याचे पहिले बळी मुंबईत पडले नव्हते. ते होते त्या ट्रॉलरचे खलाशी आणि तांडेल अमरसिंह सोळंकी. म्हणजे छोट्या होडीवरचा माणूस त्या दिवशी सर्वांत आधी मारला गेला, आणि त्यानंतर संशयही सर्वांत आधी त्याच्यावरच आला.

बायोमेट्रिक ओळखपत्र, होडीची नोंदणी, तिचा ठरलेला रंग, बंदरावर जाता-येता नोंद, हे सगळं तेव्हापासून आलं. ते आवश्यक आहे, आणि आपल्या कोळी बांधवांनी ते पाळलंही आहे. किनाऱ्याचे खरे डोळे तेच आहेत. दुसऱ्या बाजूला पाकिस्तानच्या कैदेचं भय आहे. डहाणू-तलासरी भागातली आदिवासी पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि पाण्यावर न दिसणारी सीमारेषा ओलांडली म्हणून कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. मागे घरची बाई तारखेची वाट पाहत राहते.

या दोन भयांत अडकलेल्या तांडेलानं उद्या समुद्रात एखादी भरकटलेली बोट पाहिली, तिच्यात बायका-मुलं दिसली, तर त्यानं काय करावं? हा प्रश्न मी पाचूबंदरला एका वयस्क तांडेलाला विचारला. तो वलांडीवर बोंबील वाळत टांगत होता. हात न थांबवता म्हणाला, पाण्यातल्या माणसाला आधी वर घ्यायचं, मग विचारायचं तो कोण. जाळं सोडलं तर परत येतं, माणूस परत येत नाही. जरा थांबून त्यानं एवढंच जोडलं, की वर घेतल्यावर लगेच वायरलेसवर सांगायचं, लपवायचं काही नाही.

त्या उत्तरात या सगळ्या आढाव्याचं सार आहे. आधी हात, मग चौकशी, आणि दोन्ही उघडपणे. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक प्रत्येक नाखव्याच्या मोबाइलमध्ये असायला हवेत. पण त्याचबरोबर, कळवणाऱ्या तांडेलाला दिवसचे दिवस चौकशीला बसवून ठेवलं जाणार नाही आणि त्याची होडी अडकवली जाणार नाही, याची हमी व्यवस्थेनं दिली पाहिजे. वाचवणाऱ्याचा हंगाम बुडत असेल, तर पुढच्या वेळी नजर दुसरीकडे वळवणारी होडी आपण स्वतःच तयार करतो.

केरळानं २०१८च्या महापुरात याचं चांगलं उदाहरण घालून दिलं. तिथल्या मच्छीमारांनी साडेसहाशेहून अधिक होड्या ट्रकांवर चढवून पूरग्रस्त गावांत नेल्या आणि सुमारे ६५ हजार लोकांना बाहेर काढलं. सरकारनं त्यांचा जाहीर सत्कार केला आणि होड्यांच्या नुकसानीची जबाबदारी घेतली. माणसं वाचवणं हे त्या होड्यांचं काम आहे, असं राज्यानंच मान्य केलं. युद्ध असो की पूर, तांडेलाला हवी असते ती ही मान्यता.

नावाचं नाव

मराठीत ‘नाव’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. या आढाव्यात पुन्हा पुन्हा जाणवलं की एक नाव पैलतीराला लागली आणि दुसरं मागेच राहिलं. वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांचं स्मारक आहे आणि ते असायलाच हवं. पण दर्या दरवाज्याजवळ एक साधा दगड असा असावा, जो सांगेल की मे १७३९च्या खवळत्या पाण्यातून हरलेली कुटुंबं इथून नावांनी पार गेली, जिंकलेल्यांनी त्यांना जाऊ दिलं आणि नावाड्यांनी त्यांना पोचवलं. शाळेची सहल किल्ल्यावर येते, तेव्हा मुलांना तोफांबरोबर हेही दाखवावं. जवळच्या कोळीवाड्यातली मुलं त्या सहलीत असतातच. आपल्या बापाचं काम इतिहासात कुठं बसतं, हे त्यांना कळलं पाहिजे.

गेल्या आठवड्यात अर्नाळ्याला पुन्हा होडीत चढलो. माझ्या पुढे एक आजी होत्या, हातात औषधांची पिशवी. लाट आली, त्या डगमगल्या. खलाशानं आधी पिशवी घेतली नाही, आधी मनगट धरलं. त्या आत बसल्यावर मग पिशवीसाठी परत वाकला. भाडं त्यानं बेटावर उतरल्यावर घेतलं.